पेपर सुटेस्तोर

आजारी माणसाच्या घरात औषधाच्या बाटल्या साठतात, तसे किस्सेही साठतात. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? ते मी जिनिंगात, जेवणाच्या सुट्टीत, कापसाच्या गंजीला टेकून सांगतो. पोरं हसतात. मी हसवायला सांगत नसतो, पण हसले तर हसू द्या.

सुरुवातीला एवढंच सांगतो, की आमचे अण्णा याच जिनिंगात काट्यावर कारकून होते आणि त्यांना जलोदर झाला. पोटात पाणी भरायचं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट घागरीसारखं. धाकटी बहीण कुसुम त्या साली मिडलच्या इम्तिहानाला बसणार होती. शाळेतल्या उस्तानीबाईंनी शब्द दिला होता, "लडकी पास झाली तर माझ्या हाताखाली नोकरी पक्की." निजामाचं राज्य, म्हणून सगळे पेपर उर्दूत. आणि आम्हाला आधार द्यायला सगळी मोठी माणसं जालन्यात जमली.

*

पहिला आधार मला मिळाला.

मंठ्याहून मोठे काका आले. अण्णांचे थोरले भाऊ. चहा पिऊन म्हणाले, "गोविंदा, घराला आता खांब पाहिजे. शाळा सोड, बापाच्या जागेवर लाग."

मी म्हटलं, "काका, तुमचा बापू तर औरंगाबादेला शिकून राह्यला. तो माझ्याहून मोठा हाये. त्याला करा की खांब."

"त्याची गोष्ट वेगळी."

"कशी?"

"त्याचा बाप धडधाकट हाये!"

दुसऱ्या दिवसापासून मी काट्यावर कापूस तोलायला लागलो.

*

आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांचा एक कायदा असतो. आजार पहिल्यापासून ऐकायचा, मग डोळ्याला पदर लावायचा, मग चहा घ्यायचा. चहा कुसुमच करायची, कारण आई अण्णांचं बघत असायची.

बदनापूरहून आत्या आली होती, ती तर मुक्कामालाच. कुसुम चुलीपाशी पुस्तक घेऊन बसली की आत्या म्हणायची, "बापाची ही गत, अन् पोरगी पुस्तकात! काळीज हाये का दगड?" कुसुम रडायला लागली की म्हणायची, "रडू नको माय. बापाची इच्छा हाये ना? मंग अभ्यासात मन लाव." ही दोन्ही वाक्यं एकाच कपात. चहा थंड व्हायच्या आत!

शेवटी तोड अण्णांनीच काढली. कुसुमला पायाशी बसवलं, पाय तिच्या मांडीवर ठेवले आणि उर्दू तवारीखचं, म्हणजे इतिहासाचं, पुस्तक स्वतःच्या पोटाला टेकवून उभं केलं. आता ती पाय दाबायची आणि वाचायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय सेवा करती पोरगी!" आत्यासुद्धा तेच म्हणायची.

पुढं डॉक्टर आले, सुई घालून पोटातलं पाणी काढून गेले. घरात जरा आनंद झाला. कुसुम मात्र तोंड पाडून बसली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"पुस्तक उभं राहत न्हाई आता."

अण्णा म्हणाले, "थोडे दिवस दम धर. भरतंच पुन्हा."

*

आत्याचा नवस.

अण्णांना बरं वाटावं म्हणून आत्या देवाला नवस बोलली, सोमवारचे कडक उपास, पाण्याशिवाय काही न्हाई. चांगली गोष्ट. पण दर सोमवारी आत्या दोन्ही वेळ जेवताना दिसायची, आणि कुसुम उपाशी. एका सोमवारी ती शाळेतच चक्कर येऊन पडली. उस्तानीबाईंनी टांग्यात घालून घरी पाठवली.

अण्णांनी बहिणीला जवळ बोलावलं. "नवस तू बोललीस ना?"

"हो दादा, तुझ्यासाठीच."

"मंग उपास पोरीला कशाला?"

आत्याला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "असं काय करतोस? मला पित्ताचा त्रास हाये न्हाई का!"

*

मग मोठ्या काकांनी स्थळ आणलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बापाच्या डोळ्यादेखत पोरीचं लग्न झालेलं बरं. बाप गेल्यावर वर्षाच्या आत उरकावं लागतं, त्यात घाई होते. म्हणून घाई आत्ताच करू!

नवरदेव परतूरचे. किराण्याचं दुकान, पहिली बायको वारलेली, मिशीत पांढरे केस. आमच्या गल्लीचा चढ चढून आले ते ओसरीवर बसले आणि बराच वेळ नुसते धापाच टाकत राहिले. आईनं पाणी दिलं, ते दोन दमांत प्याले.

कुसुमला बाहेर आणलं. तिच्याकडं कुणी पाहिलं न्हाई. सगळे अण्णांच्या पोटाकडं बघत होते. नवरदेवाचे मामा काकांच्या कानाला लागले, पण त्यांचा आवाज मोठा. "मुहूर्त जरा लांबचा हाये. तोवर यांचं निघंल का?"

काका काही बोलायच्या आत अण्णाच बोलले. "माझं निघंल हो. तुमच्या नवरदेवाचं बघा. त्यांचं निघंल का?"

नवरदेवांना तेव्हाच ठसका लागला.

ते लोक उतारानं गेले, तेव्हा बरे चालत होते. काका मात्र अण्णांवर चिडले. "तुला पोरगी घरात ठेवायचीय का, विनायका?"

"पेपर होऊ दे. मंग तू म्हणशील तसं बोलू."

"अन् पेपर होईस्तोर तू..." एवढं बोलून काका थांबले.

ते थांबले, पण ते काय बोलणार होते हे आमच्या घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. अण्णा आधी गेले तर सुतक. सुतकात पोरगी उंबऱ्याबाहेर पडत न्हाई, इम्तिहान तर लांबच. आणि अण्णा गेले की घरात मोठे कोण? काका. मग मिडल न्हाई, नोकरी न्हाई, परतूरचं दुकान. नवरदेव चढ पुन्हा चढतील. दम खात खात, पण चढतील.

म्हणजे कुसुमला अभ्यास करायचा होता आणि अण्णांना जगायचं होतं. दोघांचाही इम्तिहान एकाच वेळी. अण्णा तसं बोलून दाखवत नसत. फक्त डॉक्टरांना एकदा म्हणाले, "साहेब, कायमचं बरं करा असं म्हणत न्हाई. टाइमटेबल बघून औषध द्या."

*

शेजारच्या मारवाड्यांचा किस्सा सांगायलाच पाहिजे, कारण मोठ्या माणसांत मला हसू आलं ते फक्त यांच्यामुळं.

पेपराला निघताना भरल्या घागरीची सवाष्ण समोर यावी, असा आपल्याकडं शकुन. शेजारची भाभी पहिल्या पेपरापासून रोज सकाळी कुसुम दारातून पाय काढायला आणि ही घागर घेऊन समोरून यायला. कुणी सांगितलं नव्हतं. येऊन हसायची, "जा बेटी."

मधल्या एका पेपराला कुसुम उंबऱ्यात उभी, आणि भाभी न्हाई. रात्रीतून तिला ताप भरला होता. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "झालं! रिकामी गल्ली!"

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. खुद्द शेठ. डोक्याला पगडी, अंगात सुती लांब कोट, आणि खांद्यावर पाण्यानं भरलेली घागर. कोट अर्धा भिजलेला. गल्लीतली पोरं बघायला धावली.

आत्या म्हणाली, "शेठजी, सवाष्ण लागते हो!"

शेठ थांबले न्हाईत. चालता चालता म्हणाले, "सवाष्णीनंच भेजलं. घागर बी उसकीच हाये."

*

आता शेवटचा पेपर. हिसाबाचा.

इम्तिहान पोरांच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत होता. पोरींना वेगळी खोली, दाराला चिकाचा, बांबूच्या कांबींचा पडदा. मी कुसुमला तिथं सोडून घरी आलो तर ओसरीवर शेणाचा वास. काका धोतर खोचून उभे, आणि आत्या जमीन सारवून राह्यली.

सकाळपासून अण्णांचा श्वास घरघरत होता. डॉक्टर येऊन, मान हलवून गेले होते. आपल्यात माणसाचा जीव खाटेवर जाऊ देत न्हाईत. जमीन सारवून, दर्भ टाकून, त्याला खाली घेतात. एकदा खाली घेतलं की घर समजून जातं, आणि माणूसही समजून जातो. आत्यानं गंगेची लोटी काढून ठेवली होती. तुळशीची पानंही खुडून तयार.

काका मला म्हणाले, "जा, पोरीला घेऊन ये. शेवटचं तोंड बघू दे तिला."

"पेपर सुटल्यावर येईल ती."

"अरे, बाप चाललाय!"

"तिला माहीत हाये. गेले कैक महिने तिला तेवढंच माहीत हाये. मी जात न्हाई."

"निर्लज्ज! शाळा सोडलेल्याला काय कळणार!" काका म्हणाले. शाळा कुणी सोडवली, हे मी त्यांना तिथं सांगितलं न्हाई. मी दारात आडवा बसलो, म्हणजे दुसरंही कुणी जाणार न्हाई.

मग काकांनी अण्णांच्या खांद्याला धरलं, आत्यानं पायाला. "विनायका, खाली घेतो रे तुला."

अण्णांनी डोळे उघडले. एका हातानं खाटेचा काठ पकडला. बोटांत जीव नव्हता, पण सुटेनात.

"पेपर सुटला का?" मला विचारलं.

"न्हाई अण्णा. आत्ताच बसली."

"मंग मी खाटेवरच बराय."

काका रडकुंडीला आले. "अरे, खाटेवर जीव गेला तर गती न्हाई मिळत!"

"गतीचं मागून बघू," अण्णा म्हणाले. "आधी हिसाब."

काकांनी तरी धरलेला खांदा सोडला न्हाई. त्यांनी आत्याला खूण केली, आणि दोघांनी पुन्हा जोर लावला.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. हातात डाळ निवडायचं सूप. आमची आई काकांसमोर कधी बसली नव्हती, कधी मान वर करून बोलली नव्हती. ती आली आणि त्या सारवलेल्या जागेच्या मधोमध, ओल्या शेणावर, मांडी घालून बसली. सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली.

आत्या म्हणाली, "अगं वहिनी, ती जागा..."

"ओली हाये," आई म्हणाली. "वाळेस्तोर बसते."

काकांनी खांदा सोडला. ते भिंतीला टेकून उभे राहिले. उन्हाळ्यात शेण वाळायला कितीसा वेळ लागतो? जागा वाळली. आई उठली न्हाई. डाळ निवडून झाली, तीच डाळ तिनं पुन्हा निवडायला घेतली. अण्णा खाटेचा काठ धरून एकेक श्वास काढून राह्यले होते.

दुपारी कुसुम आली. धावत आली होती. पायात चप्पल नव्हती. ती आईला ओलांडून खाटेपाशी गेली.

"पहिल्या हिसाबाचं उत्तर?" अण्णांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

अण्णांनी डोळे मिटून मनात हिशोब केला. वेळ लागला. मग म्हणाले, "बराबर."

मग आई त्या जागेवरून उठली.