चिमणाबाईला धरलेलं गाजरगवत

पेठ वडगावजवळच्या मळ्यात चिमणाबाईचा जन्म तण भांगलण्यात गेला. बांधावर गाजरगवत माजलं की ती उघड्या हातांनी उपटून टाकायची. म्हशी त्याला तोंड लावत नाहीत, एवढीच काय ती तिची तक्रार.

शहाण्णव साली तिच्या पापण्या सुजल्या. मग मानेची कातडी काळी, जाड पडली. कानाच्या पाळ्या फुगल्या. तिनं आरशात बघितलं. लहानपणी गावाबाहेर झोपडीत राहणाऱ्या एका बाईचे कान तिनं असेच पाहिले होते. महारोग!

ती गुपचूप आपलं ताट वेगळं ठेवू लागली. सून स्नेहल तान्ही लेक पुढं करायची, तर ही हात मागं घ्यायची. शेवटी नवरा गणपतराव कावला, "झालंय तरी काय तुला?"

"मला गावाभायेर टाकू नगासा," म्हणत ती ढसाढसा रडली.

त्यानं तिला कोल्हापुरात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी मानेवरून कापूस फिरवला.

"कळतंय का?"

"कळतंय की! आग हुतीया नुसती."

"महारोगात कातडी बधिर होते. हे वेगळं दिसतंय."

शेतात काय काय उपटता ते विचारून त्यांनी गाजरगवताचं पान तिच्या पाठीवर पट्टीनं चिकटवलं. पुढच्या खेपेला पट्टी काढली, तर खाली लालभडक फोड.

"तुमच्या कातडीला हेच सोसत नाही. गवत म्हणतात, पण हे गवत नव्हेच," बाई म्हणाल्या. "शेवंतीच्या कुळातलं, परदेशातून आलेलं झाड. पानं गाजरासारखी म्हणून गाजरगवत. पांढऱ्या टोप्यांसारखी फुलं म्हणून काँग्रेस गवत. एकेका झाडाला हजारोंनी बी. वाळलेला चुरा वाऱ्यानं अंगावर आला तरी तुम्हाला त्रास होणार."

महारोगाची भीती गेली, पण परतताना यष्टीतून रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरंच पांढरं दिसलं. चिमणाबाईनं खिडकी लावून घेतली, पदरानं तोंड झाकलं.

गणपतरावानं बांध साफ केला. पाटाच्या पाण्यानं बी परत आलं, आणि तिची मान पुन्हा चिरली. अखेर ती कोल्हापुरात शिवाजी पेठेत बहिणीकडं राहायला गेली. औषधानं हळूहळू अंग निवळलं. स्नेहल भेटायला आली, तेव्हा तिनं आपण होऊन नात मांडीवर घेतली.

दोन हजार पाचचा पूर ओसरला, आणि बहिणीच्या घरामागं मोकळ्या जागेत तीच कातरलेली पानं वर आली. चिमणाबाईनं दार लावून घेतलं. तिनं गणपतरावाला निरोप धाडला. तो आला, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वाकला.

"मुळासकट काढा," ती दाराच्या फटीतून ओरडत होती, "फुलायच्या आत काढा!"