डॉक्टरांच्या बायकोचं नाव

मंडळी, आज डोकंच फिरलंय माझं!

रविवारी चर्चमधून आलो की आम्ही मुलांना एखाद्या ख्रिस्ती सेवकाचं चरित्र वाचून दाखवतो. आज एका मिशनरी डॉक्टरांचं होतं. आडगावात दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा. मुलं अगदी गुंगून ऐकत होती.

मध्येच धाकटी म्हणाली, "मम्मी, एवढ्या पेशंटचं जेवण कोण करायचं?"

होतं की पुस्तकात! "त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघर सांभाळले." बस, एवढंच.

"तिचं नाव काय?"

अख्खं पुस्तक चाळलं. डॉक्टरांच्या घोड्याचं नाव आहे, बायकोचं नाही!

मी इतकी चिडले, म्हटलं ठेवा ते पुस्तक, आपल्याच घरातली गोष्ट ऐका. पप्पांची आजी नगरकडे बायबलबाई होती. गावोगाव चालत जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायची, वाचायला शिकवायची.

धाकटी लगेच बापाकडे वळली. "पप्पा, तिचं नाव काय?"

नवरा म्हणतो, "अगं, आम्ही सगळे तिला आजीच म्हणायचो."

मानपाड्याला नणंदेला फोन लावला. तिलाही माहीत नाही!

तुमच्याही घरी विचारून बघा बरं आज. आमच्याकडे त्या घोड्याचं नाव मात्र दोन्ही पोरांना पाठ झालंय.