दाराशी ठेवलेली ओटी

माझ्या हातातलं ओटीचं ताट सुनंदानं घेतलं नाही. पायानं पाट पुढं सरकवला आणि म्हणाली, "तिथं दाराशी ठेव. सगळ्यांच्या ओट्या झाल्या की नेईल कुणीतरी."

सुनंदा आमच्या गावच्या खोतांची सून. एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅकिंगला आम्ही एकाच टेबलावर. रोज दुपारी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी ती बोटानं पुसून खायची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. शिमगा होऊन गेला होता. गावच्या देवीची पालखी पहिल्यांदाच अंबरनाथ पूर्वेला आली होती. कोकणातले आमचे सगळे गाववाले हॉलमध्ये जमलेले. आमचं घर ढोल वाजवणारं. नवरा बाहेर मांडवात वाजवत होता. पालखीला आमचा हात लागत नाही. गावात नाही, इथंही नाही.

मी ताट ठेवलं. राग आला नाही. रडू आलं नाही.

आत म्हातारे खोत माइकवर देवीची कथा सांगत होते. "खाडीकाठी एक बाई गवत कापत होती. विळा दगडाला लागला. दगडातून रक्त आलं. बाईनं पदर फाडून जखम बांधली. तीच आपली देवी."

एक बाई. ही गोष्ट सासूनं मला लग्नाच्या वर्षीच सांगितली होती. ती बाई आमच्या घरातली. खोत मागाहून आले, त्यांनी देऊळ बांधलं, आणि आम्ही पायरीखाली राहिलो.

दारातूनच मी बोलले, "ती बाई आमच्या घरातली होती."

खोत शांतपणे म्हणाले, "माहीत आहे गं. म्हणून तर ढोलाचा मान तुम्हाला दिलाय."

"मग तिची ओटी कुठं ठेवली असतीत? दाराशीच?"

मी ताट उचललं. बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "चला." तो वाजवतच राहिला. माझ्याकडं बघितलंही नाही. मी एकटीच चालत बुवापाड्याला घरी आले. चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं तिचा डबा माझ्यापुढं सरकवला. "मनावर घेऊ नकोस. रीत असते." मी माझा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.

पुढच्या शिमग्याला खोतांची दोन माणसं घरी आली. चहाला नाही म्हणाली, नेहमीसारखीच. ढोल पाहिजे होता. नवरा मान खाली घालून बसलेला.

मी म्हटलं, "ढोल हॉलच्या आत वाजेल. ओटी मी माझ्या हातानं भरीन. जमत नसेल तर उल्हासनगरचा बँड बघा."

"काय रे, तुझ्या घरात कोण बोलतं?" एकानं नवऱ्याला विचारलं.

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "ती बोलली तेच."

त्यांनी बँड आणला. पालखी नाचली. सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं. देवी कोपेल म्हणायची. देवी कोपली नाही. खोत कोपले. गावात दिराचं त्यांच्या बागेतलं काम गेलं. दीर आला, म्हणाला, "वहिनी, एकदा माफी मागा. मिटेल सगळं."

दिराला मी आमच्याकडं ठेवून घेतलं, कारखान्यात चिकटवलं. माफी मागितली नाही.

जिथं माझ्या हाताचा विटाळ होतो, तिथं आमच्या घरचा हात वाजवणार नाही. मी आहे तोवर नाही. मी गेल्यावरही नाही. लेकीला तसं सांगून ठेवलंय.