दत्तू पळाला नव्हता

“नलूताई, हे गेले...” एवढंच सुमन बोलली आणि पुढे फोनवर नुसतं तिचं रडणं. मी सकाळी देवाची भांडी घासत होते, हात तसेच राखेचे. तिचा नवरा दत्तू माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आदल्या दिवशीच पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर भेटला होता, ठणठणीत. खोटं कशाला बोलू, मला आधी रडू आलं नाही, धस्स झालं. अकरा वर्षं एक गोष्ट त्याच्यासमोर कबूल करायची राहिली होती... आणि आता कबूल करायची कोणापाशी?

इकडे उत्तरेत, बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. दत्तूच्या घरात चार पिढ्या वेद सांगणाऱ्या. या पठ्ठ्याने मात्र मैदागिनला झाडं कापायच्या चेन सॉ दुरुस्त करायचं दुकान काढलं. मामा म्हणायचे, “कुळात आरेवाला निघाला, लाकूडकाप्या!” मीही कमी छळलं नाही त्याला. मी गणिताची मास्तरीण, जीभ माझी जन्माची फटकळ. दुकानात कोणी नुसतं “भइया, बीस इंची चेन दीजिए” म्हणालं की हा गडी आधी मशीन मागवायचा. मग बार हातात घ्यायचा. बार म्हणजे ती लांब पोलादी पट्टी, जिच्या कडेच्या खाचेतून चेन धावते. खाचेची रुंदी बघ, चेनच्या खालच्या जिभा मोज, त्यांची जाडी बघ... गिऱ्हाईक ताटकळत उभं. “अरे, मुलगी दाखवताहेत का तुला?” मी म्हणायचे. तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

अकरा वर्षांपूर्वी ज्येष्ठात भर दुपारी आंधी आली, धुळीचं वादळ. आमच्या अंगणातला कडुनिंब मुळासकट उन्मळला आणि मागच्या खोलीच्या दारावर आडवा झाला. आत माझी आई, ऐंशीच्या घरातली. छताची एक पटिया, म्हणजे लांब दगडी फरशी, तडकून अर्धी खाली लोंबत होती आणि तिला आधार होता तो त्या खोडाचाच. खोड जरा गडगडलं असतं तरी पटिया थेट आईच्या खाटेवर. आमच्या गल्लीत धड रिक्षा शिरत नाही, तिथे दमकलची, आगीच्या बंबाची गाडी कुठली यायला! दत्तू मशीन खांद्यावर टाकून धावत आला. आतून आई म्हणत होती, “नलू, दार उघड गं, गुदमरतंय.” त्याने बाहेरच्या फांद्या भराभर उतरवल्या, खोडाला हात घातला आणि कर्रकन आवाज आला. कार्तिकात आकाशदिव्यांच्या दोऱ्या बांधायला पिढ्यान् पिढ्या आम्हीच त्या झाडात खिळे ठोकलेले. साल वाढून ते आत गडप झाले होते. चेनचे दात पार गेले.

“ताई, तू जा दुकानात. मी तोवर खोडाला टेकू लावतो,” त्याने किल्ली माझ्या हातात कोंबली. “खालच्या जिभा बहात्तर. जाडी दीड मिलिमीटर, डब्यावर लिहिलेली असते. दोन्ही बघ.” मी पायात चपला न घालता पळाले. दुकानात हाताला आलेली पहिली चेन मोजली, दोनदा मोजली. बरोबर बहात्तर! डब्यावर जाडी होती एक पूर्णांक तीन दशांश. वाचली मी ती, चांगली वाचली. म्हटलं, बारीकच आहे, खाचेत आरामात बसेल. पुढे शोधायला मी थांबले नाही.

दत्तूने चेन चढवली, एका बोटाने डावीउजवीकडे हलवली. ती खाचेत लटपटली. त्याने ती काढली. “ही नाही चालायची.”

“बसतेय की!” मी ओरडले.

“बसते गं, पण धरत नाही. कापताना तिरकी जाईल, नाहीतर उतरेल. खोड अर्धवट कापलं गेलं आणि फिरलं तर आत्या...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. तेवढ्यात आतला आईचा आवाज बंद झाला.

मग माझ्या तोंडाला काही धरबंद राहिला नाही. “माझी आई मरतेय आणि तू मिलिमीटर मोजत बसलायस! मेल्या, कापायची हिंमत नाही म्हणून सांग ना!” सगळी गल्ली ऐकत होती. तो वळला आणि निघून गेला. मी छाती पिटत म्हटलं, “पळाला! दत्तू पळाला!” शेजारचे मिश्राजी म्हणाले, “लीजिए, दत्तू भइया तो निकल लिये.”

वीस मिनिटं. दाराच्या फटीला तोंड लावून मी आईला हाका मारत होते आणि आतून काही नाही. तो परतला तेव्हा घामाने निथळत होता. हातात बरोब्बर जाडीची चेन आणि तिच्या मापाचा आखूड बारही. टेकू लावताना त्याला दिसलं होतं, भिंत आणि खोड यांच्यात हातभरच जागा होती, लांब बारचं टोक दगडाला लागलं असतं तर मशीन उसळून त्याच्याच छातीवर आली असती. त्याने खिळ्यांची जागा टाळून खोडाचे तीन तुकडे केले, एकेक उतरवला आणि पटियाखाली टेकू सरकवत गेला. आई बेशुद्ध होती, पण जिवंत होती. पुढे सात वर्षं जगली.

पण तो माझी चूक निस्तरायला गेला होता हे मी कोणाला सांगितलं नाही, आणि “निकल लिये” हे गल्लीत चिकटलं ते चिकटलंच. लग्नामुंजीत कोणीतरी चिडवायचं, दत्तू हसायचा. एकदा आईनेच विचारलं, “का रे दत्तू, मला आत टाकून मधेच कुठे गेला होतास?” मी तिथेच पोळ्या लाटत होते. माझं लाटणं थांबलं. “चहा प्यायला, आत्या,” तो म्हणाला. आई हसली. मी पुन्हा पोळी लाटायला घेतली. आयुष्यभर पोरांना ‘चूक कबूल करा’ म्हणून उभं करणारी मी! बहात्तर मोजता आले, एक ओळ वाचून पाळता आली नाही, हे सांगायची लाज वाटली. बस, एवढंच कारण.

तेराव्याला जेवताना मिश्राजी डोळे पुसत म्हणाले, “आदमी हीरा था. बस उस दिन ज़रा डर गये थे.” मी तेव्हाही मान खाली घातली.

नंतरच्या सोमवारी दुकानात गेले. सुमनने दुकान उघडलं होतं. समोर एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, “भाभी, फिट तो हो रही है!” आणि ती बोटाने चेन हलवून दाखवत होती. “हिल रही है न? नहीं दूँगी.” अगदी त्याचंच बोट, त्याचीच हट्टी मान. गिऱ्हाईक गेलं आणि मी भडाभडा बोलून टाकलं. “सुमन, दत्तू घाबरला नव्हता गं. चुकीची चेन मी आणली होती.”

तिने चेन गुंडाळून डब्यात ठेवली. “ठाऊक आहे, ताई. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांनी.”

“आणि तू अकरा वर्षं मला बोलली नाहीस?”

“ते म्हणाले होते, तू विषय काढू नकोस... नलूताई माझ्याशी आपणहून बोलेल.”