अक्कासाठी पेटवलेलं इंजिन

माझी थोरली बहीण, अक्का, बंगळूरला कायमची निघाली होती. भाच्याने पंचवटीतलं घर विकलं, सामान बांधलं, सोमवारची तिकिटं काढली. तेव्हा कुठे ती मला म्हणाली, "नाना, ह्यांचं इंजिन बघून येऊ रे. परत पेटवतात म्हणे."

'ह्यांचं' म्हणजे आमच्या दाजींचं. सिन्नरच्या पूर्वेला, कालव्याच्या पट्ट्यात, एक बंद पडलेला साखर कारखाना आहे. शेतातून ऊस आणायला त्याची स्वतःची छोटी रेल्वे होती आणि दाजी तिचे ड्रायव्हर. कारखाना बुडाला, रूळ भंगारात गेले, दाजीही गेले. एक इंजिन तेवढं बाभळींत अडकून राहिलं. दोन-तीन वर्षांपूर्वी काही हौशी मंडळींनी ते बाहेर काढलं. सुट्टीच्या दिवशी येऊन खरवडलं, दुरुस्त केलं, बॉयलरचा दाखला मिळवला, मैलभर रूळ टाकले. पगार कुणालाच नाही. गेल्या हिवाळ्यापासून ते महिन्यातल्या एका रविवारी धावू लागलं होतं. मी तिथल्या विलासरावांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "या हो, अक्कांना पहिल्या डब्यात बसवू."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पंचवटीतून रिक्षाने द्वारका, तिथून सिन्नरची एसटी. अक्का पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून तिला तिकीट नाही, मला अर्धं. "बघ, सरकारसुद्धा मला फुकट घालवतंय," असं म्हणून ती खिडकीशी बसली. सिन्नरला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट आहे, दही मागून घ्या. पुढे शेअर जीप. गावापर्यंत रस्ता बरा, मग मात्र खडी.

"आज्जी, तुमी पुढं बसा," जीपवाला म्हणाला. "मागं लय हादरे बसत्यात."

"इंजिनवर बसलेय मी, बाबा. तुझ्या जीपला काय घाबरते!"

मी मात्र मागे हादरे खात वेगळ्याच नादात होतो. शाळेत आम्ही कविता बाकावर ताल धरून म्हणायचो. चाळीस पोरांचा तो ठेका लांबून ऐकला की गाडी चालल्यासारखा वाटे. सुट्टीत अक्काकडे आलो की उलटं व्हायचं. दाजींची गाडी उसाने भरून चढाला लागली की मला पाठ केलेल्या कविता आठवायच्या. आज तो ठेका पुन्हा ऐकायला मिळेल, एवढंच मनात होतं.

शेडमध्ये पोचलो तर इंजिन उभं होतं. हिरवा रंग, पितळी पट्ट्या, बाजूला दोन उघडे डबे. आटोपशीर, एखाद्या मोठ्या बैलाएवढंच. अक्का पदर सावरून थेट त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याच्या पोटावर हात ठेवला.

"कधी पेटवलं?" तिने विचारलं.

आगीपाशी रोहिणी नावाची मुलगी होती. आठवडाभर एमआयडीसीत नोकरी करते आणि रविवारी इथे लाकडं टाकते. "आज सकाळीच, अक्का. एरवी आदल्या संध्याकाळी पेटवतो. पण काल पंप जळाला, पाणीच भरता आलं नाही. पहाटे टँकर आला."

"हं," अक्का म्हणाली, आणि खुर्चीवर जाऊन बसली.

वाफ धरायला वेळ होता. गावातल्या एका बाईंनी पिठलं-भाकरी आणि ठेचा आणला होता. जेवणाचे पैसे वेगळे नाहीत. दारात पेटी आहे, तिच्यात मनाला येईल ते टाकायचं. जेवता जेवता अक्काने रोहिणीला कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या बायकांची गोष्ट सांगितली. थंडीत गाडी आली की सगळ्या बादल्या घेऊन रुळाशी उभ्या राहायच्या आणि दाजी अंघोळीला इंजिनातलं कढत पाणी द्यायचे.

"तेलाचा वास यायचा हो पाण्याला. पोरं त्याच वासाची शाळेत जायची."

दुपार कलू लागली. विलासराव सारखे वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत होते.

"रोहिणी, टाक अजून."

"सर, सावकाश घेऊ. पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी अक्का कुठे आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि लाकडं टाकली. आग घुमू लागली. काटा चढला. विलासरावांनी अक्काला हात देऊन डब्यात बसवलं. मी शेजारी बसलो. तेवढ्यात आतून काहीतरी तडकल्यासारखा आवाज आला, मग लांबलचक फुस्कारा. धुराड्यातला काळा धूर पांढरा झाला. बॉयलरच्या नळ्या सांध्यांत सुटल्या होत्या आणि पाणी आगीवर गळत होतं.

"आग काढा! आधी आग काढा!" विलासराव ओरडले.

सगळ्यांनी मिळून निखारे ओढून खाली पाडले. काटा उतरत उतरत शून्यावर गेला. नव्या नळ्या, नवी तपासणी, नवा दाखला; त्याला वर्ष लागेल की दोन, की होणारच नाही, हे विलासरावांनाही सांगता येईना. ते डब्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. अक्काने विचारलं, "माझ्यासाठी घाई केलीत ना?"

"नाही हो अक्का. नळ्या जुन्याच होत्या."

रोहिणी खाली मान घालून गेली आणि इंजिनाच्या तोटीखाली धरलेली कढत पाण्याची एक बादली घेऊन आली. अक्काने पाण्यात हात बुडवले, ओले हात तोंडावरून फिरवले, आणि रोहिणीच्या काळवंडलेल्या गालाला हात लावून म्हणाली, "जेवली नाहीस तू. जेव आधी."

परतीच्या एसटीत अंधार पडला. नाशिकचे दिवे दिसू लागले तेव्हा अक्का म्हणाली, "थंड इंजिन सकाळी पेटवून दुपारी चालवायचं नसतं, नाना, नळ्या सुटतात. हे रात्रभर बसायचे त्याच्याजवळ. लहान आगीवर. मी डबा घेऊन जायचे."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"मला ते धावताना बघायचं होतं ना रे."

सोमवारी ती गेली. आता फोनवर बंगळूरचं पाणी, नातवाची शाळा, सुनेचा डोसा, सगळं बोलते. इंजिनाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. विलासराव म्हणतात, मंडळी अजून येतात, नळ्या एकेक करून काढताहेत. मला तो ठेका ऐकायला मिळाला नाही याचं आता काही वाटत नाही. पण आम्ही निघताना ओळीने उभी राहिलेली ती काळ्या हातांची माणसं, आणि त्यांच्याकडे मान वर करून न बघणारी माझी अक्का, हे मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

तरी तुम्ही जरूर जा. इंजिन थंड असलं तरी शेड उघडी असते, चहा मिळतो. फक्त कधी चालू होणार असं विचारू नका. आम्हाला घाई नाही, एवढं सांगा.