द्राक्षाच्या मांडवातली रेकॉर्ड

सावळीराम, जयभीम.

तुम्ही म्हणाल, बाई, शेजारी राहून पत्र कशाला, फाटकातून हाक मारायची. मारली असती हो, पण तुम्ही ऐकता कुठं? मी दोन वाक्यं बोलले की तिसरं तुमचं सुरू. ही गोष्ट तुम्ही चारचौघांत सांगता तेव्हा निम्मी द्राक्षांच्या भावावरच घसरते. म्हणून मीच सरळ लिहून काढते. गोष्टीत तुम्हाला अरे-तुरे करणार आहे, गोष्टीत सगळ्यांनाच करतात. मध्ये बोलायचं नाही.

तर सावळीराम पगारे नावाचा एक फिटर होता. आठवडाभर अंबडच्या कारखान्यात लोखंड घासायचा आणि बुधवारी गंगेकाठच्या बाजारात ताडपत्री अंथरून जुन्या रेकॉर्डी विकायचा. त्या बुधवारासाठी त्याने किती जणांच्या रात्रपाळ्या अंगावर घेतल्या, ते बायको मालन चिडली की ऐकवायची. घरोघरी टेपरेकॉर्डर यायला लागले होते. लोक माळ्यावरून रेकॉर्डी खाली फेकत होते आणि सावळीराम खाली पिशवी उघडून उभाच होता.

त्याचं लहानपण लासलगावला आईबरोबर कांदा निवडण्यात गेलेलं. त्यामुळे रेकॉर्डींची प्रतवारीही कांद्याचीच. रेकॉर्ड उन्हाला तिरकी धरायची, फुंकर मारायची, कडेला नख वाजवायचं. खणखणीत वाजली, अंगावर ओरखडा नाही, की "एक नंबर". जराशी चरचरणारी ती "गोल्टी". घासलेली, चिरलेली, लेबल गेलेली ती "खाद", म्हणजे बाजूच्या ढिगात. खाद तो कधी लावूनसुद्धा बघत नसे. म्हणे, फुकट सुई बोथट होते. आणि गोल्टीला एक नंबर म्हणणं त्याच्या जिभेला जमायचंच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, चकाकते की चांगली," तर हा म्हणायचा, "चकाकतं टक्कलसुद्धा."

एवढा ताठ माणूस, पण सासुरवाडीला गेला की पार भिजलेला पापड. त्याचं कारण त्याची सासू, कुसाबाई. कारभारी नावाचे तिचे मालक जलशात गायचे. तरुणपणी त्यांच्या पार्टीची मुंबईत एक रेकॉर्ड निघाली होती, एकच. कारभारी गेले, आणि रेकॉर्ड कुणीतरी "ऐकून देतो" म्हणून नेली ती तिकडेच राहिली. मालनला मागणी घालायला गेला तेव्हा सावळीराम उत्साहाच्या भरात बोलून बसला, "तुमच्या मालकांची रेकॉर्ड मी आणून देतो."

कुसाबाईने शब्द धरला. लग्न लावून दिलं, पण ह्याला जावई म्हणेना! थोरला जावई चिमाजी आला की चुलीवर खापर चढायचं, मांडे व्हायचे. सावळीराम आला की "या, रेकॉर्डवाले," आणि पुढ्यात बाजरीची भाकर. अकरा वर्षं. भाकरीत वाईट काही नाही, पण शेजारच्या ताटात तुपात भिजलेला मांडा असताना?

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. बाजारात यादव नावाचा दिंडोरीचा बागायतदार आला आणि थेट खादेच्या ढिगापाशी बसला.

"ह्या समद्या द्या. बागंत टांगायच्यात. बुलबुल लय द्राक्षं फोडत्यात, काही चमकलं की बिचकत्यात."

"गाणी कोणती पाहिजेत?"

"पाखरास्नी कोणतं बी चालतं!"

ढीग पोत्यात भरून गेला. सावळीराम खूश. रविवारी सासुरवाडीला त्याने हा किस्सा अगदी रंगवून सांगितला. "पोत्यात काय काय होतं म्हणता! एकीचं लेबल तर विळीनं खरवडल्यासारखं."

परातीत भाकरी थापणारा कुसाबाईचा हात थांबला.

"इळीनंच खरवडलं हुतं."

"आँ?"

"कंपनीनं त्याच्यावर दुसऱ्याच पार्टीचं नाव छापलं. गळा माझ्या मालकाचा आन् नाव परक्याचं! म्या खरवडून टाकलं."

"सासूबाई! अकरा वर्षं मी लेबलावर मामंजींचं नाव शोधतोय!"

"तुमी इचारलं कुठं? म्हनलं रेकॉर्डवाले हायेत, ठावं असंल."

चिमाजी मांड्याचा घास तोंडात घेऊन हसायला गेला आणि त्याला असा ठसका लागला की मालनने त्याच्या पाठीत चार गुद्दे घातले. दोन जास्तच घातले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत सावळीराम बसला. मांडीवर चावीचा ग्रामोफोन, शेजारी कुसाबाई. तिला घरी ठेवायची कुणाची छाती नव्हती. कंडक्टरने ग्रामोफोनकडे बोट केलं, "ह्याचं तिकीट?"

"मांडीवरच्याला लागत नाय," कुसाबाई म्हणाली, आणि कंडक्टर पुढे सरकला.

यादवच्या बागेत वेलींच्या मांडवाला द्राक्षांच्या घडांबरोबर काळ्या रेकॉर्डी लटकत होत्या, वाऱ्यावर गरगरत होत्या. यादव मागे मागे धावत होता, "काढू नका हो, आत्ता कुठं पाखरं गेल्यात!"

"पाखरांचं म्या बघते," म्हणून कुसाबाईने पदर खोचला आणि अशी "हाऽ हुऽऽ" आरोळी ठोकली की शेजारच्या मळ्यातली पाखरंही उडाली.

ऊन लागलेल्या रेकॉर्डी वाकून कानवले झाल्या होत्या. लेबल गेलेली प्रत्येक रेकॉर्ड सावळीराम उतरवायचा आणि बांधावर ठेवलेल्या ग्रामोफोनवर लावायचा. जन्मात पहिल्यांदा खाद वाजवत होता! एकीतली गाणारी विहिरीत पडून पुन्हा वर येत होती. एक सनई रेड्यासारखी हंबरली. घड तोडणाऱ्या बाया कात्र्या टाकून आल्या, त्यातल्या दोघी नाचायलाच लागल्या. यादव कपाळावर हात मारून उभा, पण पाय त्याचाही हलत होता.

सावळीरामला मात्र घाम फुटला होता. काही रेकॉर्डी खांबांवर आपटून फुटल्या होत्या. कुसाबाई आता खालचे तुकडे उचलत होती, उलटेपालटे करून बघत होती. त्या तुकड्यांत विळीच्या खुणा सापडल्या, तर मग आयुष्यभर भाकरच. आणि भाकरीचं एक वेळ जाऊ दे, त्या बाईच्या तोंडाकडे बघायचं कसं?

पार आत, दाट पानांच्या सावलीत, एक उरली होती. सरळ होती. मधोमध विळीचे ओरखडे.

त्याने नवी सुई घातली. चावी दिली. आधी नुसतं कढईत पापड सोडल्यासारखं चर्रर्र. मग डफ. आणि मग कारभारी! सणसणीत, तरणेबांड, कुणाला न जुमानणारे. पाखरांसाठी उगारलेला कुसाबाईचा हात वरच राहिला. कडवं संपलं, साथीदारांचं "जी जी" आलं, आणि नेमकं त्याच ठिकाणी तिनेही "जी जी" लावलं, वरच्या पट्टीत. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. यादव नाचला. गाणं संपेपर्यंत बुलबुलांनी एक ओळ साफ केली, पण कोण बघतंय!

"पगारे," यादव धापा टाकत म्हणाला, "ही तर एक नंबरच म्हनायची ना?"

सावळीरामने रेकॉर्ड उन्हाला तिरकी धरली, फुंकर मारली, नख वाजवलं. अंगावर नांगरट झालेली.

"खाद," तो म्हणाला.

"खाद?" कुसाबाई कडाडली. "जावईबापू, डोळे तपासून घ्या आधी!"

सावळीराम मटकन बांधावरच बसला आणि हसत सुटला. "खादच! खाद म्हणतो मी! पुन्हा म्हणा!"

"जावई येडा हाय माझा," कुसाबाई बायांना म्हणाली.

त्या संध्याकाळी खापर त्याच्यासाठी चढलं. चिमाजीला भाकर मिळाली.

इथपर्यंत तुमची गोष्ट, सावळीराम. पुढचं तुमचं-माझं. ती रेकॉर्ड पुरती झिजायच्या आत कॅसेटवर उतरवून घ्यायची, हे तुम्हीच ठरवलंत. टेपरेकॉर्डर माझा, ग्रामोफोन तुमचा, घर कुसाबाईंचं. मी आले तेव्हा नेमकी वीज गेली. पुन्हा आले तर कुसाबाई म्हणाल्या, "इवल्याशा डबीत कोंडू नका त्यांना, आधी मला पोटभर ऐकू द्या." रोज सकाळी लावायच्या, रोज "जी जी" म्हणायच्या, आणि त्यांचं पोट काही भरलं नाही. त्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, पावसाळा सरू द्या, मग बघू. तो पावसाळाही सरला. तेव्हा आणलेली कोरी कॅसेट माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. वरचा कागदसुद्धा अजून काढलेला नाही.