शिक्का नसलेला सेकंड

खरेदीतलं मला कळतं, हे मी आजही छाती ठोकून सांगते. भाजी असो, भांडी असोत, कापड असो, मला कुणी फसवून दाखवावं. फक्त एकदा मी फसले, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांच्या उजव्या हाताने मोजली.

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतले. बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. तागा टेबलावरून सरकत जायचा आणि त्यांची बोटं त्यावरून फिरायची. तुटलेला धागा, गाठ, चुकलेली वीण, काही सुटायचं नाही. दोष सापडला की त्या ताग्यावर 'सेकंड'चा शिक्का बसायचा आणि तो मिलच्या दुकानात स्वस्तात विकायला जायचा. आमचं सगळं घर सेकंडवर वाढलं. माझे फ्रॉक सेकंडचे, उशांचे अभ्रे सेकंडचे, लग्नात दिलेल्या चादरीसुद्धा सेकंडच्या. आमच्याकडे हा शब्द हलका नव्हता. सेकंड म्हणजे आपल्याच मिलचा चांगला माल, फक्त कुठेतरी एक धागा चुकलेला. आई तर पाहुण्यांना चादरीचा कोपरा उलटून शिक्का दाखवायची.

संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. बाबा कितीतरी वर्षं घरी होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघायचे, तेवढंच काय ते काम. माझं लग्न झाल्यावर कधीतरी माझगावच्या एका शर्टांच्या कारखान्यात त्यांना माल तपासायची नोकरी लागली. पगार बेताचा होता, पण बाबा पुन्हा रोज सकाळी दाढी करायला लागले. त्या वयात त्यांच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, बोटांतलं ज्ञान. ती नोकरी टिकावी म्हणून आई देवाला काय काय बोलली होती ते तिलाच ठाऊक.

माझे मिस्टर झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायला मोटारसायकलने फोर्टात जायचे. आम्ही दोन गल्ल्या सोडूनच राहायचो, त्यामुळे जाताना ते बाबांना मागे बसवून माझगावला सोडायचे.

गाडीच्या मागच्या ब्रेकचे शू झिजले. मेकॅनिकने नवी जोडी आणायला सांगितलं. मिस्टरांना भाव करणं कधी जमलं नाही, दुकानदार जे म्हणेल ते देऊन वर थँक्यू म्हणणारा माणूस. म्हणून मीच निघाले. गिरगावात नणंदेकडे जायचं होतंच, तिथून थोडं पुढे स्पेअर पार्टच्या दुकानांची गल्ली होती. एका दुकानात कंपनीच्या शूचा भाव ऐकून बाहेर पडले, तर शेजारच्या दुकानात अगदी तसाच खोका निम्म्याहून कमी भावात. तेच रंग, तीच अक्षरं.

"एवढा स्वस्त कसा?" मी विचारलं. "सेकंड आहे का?"

दुकानदाराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां ताई, सेकंडच. कंपनीचा माल आहे."

शब्द माझा होता. मीच तो त्याच्या तोंडात घातला, आणि त्याने परत दिल्यावर मीच त्यावर विश्वास ठेवला. वर आणखी घासाघीस करून मी मोठ्या दिमाखात घरी आले.

मेकॅनिकने शू हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ताई, डुप्लिकेट वाटतोय. असल्यात लायनर, हा घासणारा पट्टा, नुसता चिकटवलेला असतो. गरम झाला की सुटतो."

"तुम्हाला महागातलाच खपवायचा असतो," मी त्याला ऐकवलं. "आम्ही मिलवाल्यांची मुलं. आम्हाला सेकंड शिकवू नका."

बिचाऱ्याने बसवून दिला.

महिनासुद्धा झाला नव्हता. भायखळ्याच्या एस ब्रिजवरून उतरताना पुढे हातगाडी होती, म्हणून मिस्टर सतत ब्रेक दाबत होते. वळणावर मागचं चाक एकदम जाम झालं. गाडी आडवी झाली. मिस्टरांचा गुडघा सोलवटला. बाबांनी पडताना उजवा हात पुढे केला. मागून बस येत होती, ती वेळेवर थांबली. तिचे ब्रेक नक्कीच ओरिजिनल असणार.

बाबांचं मनगट मोडलं, तळहात चिरला. हाड जुळलं, टाके सुकले, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, ती अशीच राहतील.

मेकॅनिकने चाक उघडलं. लायनर शूवरून अख्खा निघून चाकाच्या ड्रममध्ये अडकला होता. त्याने दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी तो शू घेऊन तडक गिरगावातलं दुकान गाठलं आणि गल्ली गोळा होईल इतकी भांडले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, सेकंड तुम्हीच म्हणालात." मी शू पिशवीत टाकला आणि भांडण अर्धवट सोडून निघाले. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय.

मग मी तो शू बाबांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ओरडा खायची तयारी करूनच गेले होते. बाबांनी तो डाव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला.

"सेकंड मालावर शिक्को असता गो," ते म्हणाले. "ह्येच्यावर खंय आसा?"

ते रागावले नव्हते. खरोखरच शिक्का शोधत होते. मला रडू फुटलं. जो माल आपला दोष अंगावर छापून घेतो, त्याच्या नावाने मी दुसऱ्याचं नाव लावून फिरणारा माल घरात आणला होता. आणि कापडातला धागा चुकला तर फार तर बाही उसवते, ब्रेकमध्ये चूक असली तर माणूस रस्त्यावर पडतो. हे तेव्हा मला कळलं नाही, आता मी गाडीवाल्या प्रत्येकाला सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

प्लॅस्टर निघाल्यावर बाबा कारखान्यात विचारायला निघाले. मी सोबत गेले. वाटेत त्यांना बजावत होते, "उजवा हात खिशात ठेवा. डाव्यानेच काम करा, कुणाला कळणार नाही. एकदा घेतलं की मग बघू." बाबा हूं हूं करत राहिले.

सुपरवायझर बाई टेबलाशी बसल्या होत्या. बाबांनी खिशातून हात काढला आणि तळवा वर करून त्यांच्यापुढे ठेवला. मधोमध जखमेची लांब खूण होती.

"बाई, हा हात आता सेकंड झालाय," ते म्हणाले. "हा शिक्का बघून घ्या. डावा चालतो का, ते तुम्ही तपासा."

बाईंनी गठ्ठ्यातला एक शर्ट पुढे सरकवला. बाबांचं डावं बोट हळूहळू शिवणीवरून गेलं, मिलमधल्यापेक्षा किती तरी हळू. कॉलरच्या आतल्या बाजूला ते थांबलं. तिथे एक टाका सुटला होता.

"सोमवारी या," बाई म्हणाल्या.

मला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. डुप्लिकेट विकणाऱ्याशी भर गल्लीत भांडून आलेली मी, माझगावपर्यंत बापाला शिक्का लपवायला शिकवत आले होते.